मुद्दल कुणाचं, शब्द कुणाचा?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेले कुणबी बाजारात जमले आणि त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर नि घरांवर चाल केली. धान्य लुटलं गेलं, कापड लुटलं गेलं, काही ठिकाणी आगी लागल्या. पण गर्दीची मुख्य मागणी वेगळीच होती. त्यांना कागद हवे होते. खतं, खातेवह्या, कोर्टाचे हुकूमनामे. ते मिळाले की चौकात ढीग घालून जाळायचे. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरलं, ९०० हून अधिक माणसं पकडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात याचं नाव ‘दख्खनचे दंगे’. गंमत अशी, की सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही एक गोष्ट ठळकपणे दिसली. जिथे सावकाराने मुकाट्याने खतं काढून दिली, तिथे बहुतेक वेळा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

या गर्दीतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ज्या कागदावर काय लिहिलंय हे ठाऊक नाही, तोच कागद हाती लागावा म्हणून माणसं घरादारावर चालून का जातात? उत्तर अर्थकारणात आहेच. पण थोडं भाषेतही आहे. देण्याघेण्याला आपण कोणता शब्द वापरतो, आणि तो शब्द कोण ठरवतो, यात.

आधी मराठीची शब्दांची पेटी उघडून पाहू.

सर्वांत जुना शब्द ‘ऋण’. तो ऋग्वेदात आहे, आणि तिथे तो अजिबात पवित्र वगैरे नाही. दहाव्या मंडलातल्या प्रसिद्ध द्यूतसूक्तात कर्जबाजारी झालेला जुगारी पैशाच्या शोधात रात्री दुसऱ्यांच्या घरांकडे जातो. म्हणजे ऋण हे साधं, घाम फोडणारं देणंच होतं. पुढे तैत्तिरीय संहितेत या शब्दाला वेगळं वळण मिळालं. ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो, असं ती सांगते. देवांचं ऋण यज्ञाने फेडायचं, ऋषींचं अध्ययनाने, पितरांचं संततीने. आता कुणाकडून काही उसनं न घेताही माणूस ऋणी झाला. आणि हे ऋण असणं कमीपणाचं नव्हतं, उलट ते प्रतिष्ठेचं लक्षण होतं.

ती प्रतिष्ठा मराठीत आजही टिकून आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘ऋणनिर्देश’ असतो. ‘कर्जनिर्देश’ छापलेलं पुस्तक अजून कुणी पाहिलेलं नाही. दोन माणसांत ‘ऋणानुबंध’ असतात. सत्काराला उत्तर देताना वक्ता हमखास म्हणतो, ‘मला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल.’ हेच वाक्य बँकेच्या मॅनेजरला ऐकवून पाहा. गणितवाल्यांनी मात्र या शब्दाला जमिनीवर ठेवलं. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याखालच्या संख्यांचे नियम मांडले ते ‘धन’ आणि ‘ऋण’ या शब्दांत, म्हणजे गाठीशी असलेलं आणि देणं असलेलं. शाळेतली ऋण संख्या तिथूनच आली.

मग घरगुती शब्द. ‘उसनं’ आणि ‘उधार’ यांत आपल्या आज्यांना कधी गल्लत झाली नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली ती उसनी. साखरच परत द्यायची, व्याज नाही, कागद नाही. म्हणूनच ‘उसनं अवसान’ आणि ‘उसनं हसू’. आपलं नाही, पण तात्पुरतं वापरता येतं. उधारी दुकानात असते, माल आत्ता नि पैसे नंतर. ‘उधार’ हा शब्द संस्कृत ‘उद्धार’पासून आला. वर उचलणं, बाहेर काढणं, असा त्याचा मूळ अर्थ. मोक्षाचा उद्धार आणि वाण्याची उधारी एकाच घरातले. आणि ‘व्याज’? संस्कृतात या शब्दाचा अर्थ बहाणा, सोंग. अलंकारांमधली ‘व्याजस्तुती’ आठवा: स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा. पैशाच्या वाढीला हाच शब्द कसा चिकटला यावर तर्क लढवता येतील. मला तो ऐकायला फार प्रामाणिक वाटतो, एवढंच.

‘सावकार’ शब्दाची कथाही अशीच. ‘साधु’ म्हणजे भला, सचोटीचा माणूस, यापासून साहू, साव, सावकार. चोर आणि साव या जोडीतला साव तो हाच. पुढे ‘सावपणाचा आव आणणे’ हा वाक्प्रचार का रुळला असेल, याचा अंदाज सुप्याच्या बाजारातल्या कुणालाही करता आला असता. आणि सावकाराचा कर्जदार कोण? त्याचं ‘कूळ’. घराणं या अर्थाचा हा शब्द जमीन कसणाऱ्यालाही लागला आणि सावकाराच्या देणेकऱ्यालाही. ‘तो आमचं कूळ आहे’ या वाक्यात आपुलकी आहे की मालकी, हे बोलणाऱ्यावर अवलंबून.

‘कर्ज’ मात्र बाहेरून आलं. मूळ अरबी, आलं फारसीच्या हाताला धरून, दख्खनच्या सुलतानांच्या दप्तरांतून. एकटं नाही आलं. जामीन, तगादा, वसूल, बाकी, वायदा अशी सगळी वरात बरोबर होती. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला; तरी व्यवहारात हे शब्द हलले नाहीत. कारण ते दप्तराचे शब्द होते, आणि दप्तरात लिहिलेलंच खरं मानलं जातं. त्याच वरातीतला आणखी एक शब्द ‘खत’. अरबीत त्याचा अर्थ रेघ, लिखाण. मराठीत कर्जाचा लेखी दस्तऐवज. (शेतात घालायचं खत वेगळं. पण ज्या शेतकऱ्याच्या घरात दोन्ही खतं होती, त्याला हा विनोद कळला असणार.)

ऋण मनात असतं, उसनं वाटीत असतं, कर्ज खतात असतं.

खताचं ओझं फक्त कर्जदाराला वाटायचं असं नाही. देहूच्या तुकोबांचं घराणं महाजनकी करणारं. १६३० च्या भीषण दुष्काळानंतरची हकिकत परंपरेने जपली आहे: वडिलार्जित खतांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाला, कान्होबाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. मराठीत कर्ज ‘बुडवतो’ तो कर्जदार, आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो. इथे धनकोनेच कर्ज बुडवलं, तेही अक्षरशः. ती खतं बुडाल्यावर कुळांचं काय झालं, त्यांनी सुटकेचा श्वास कसा टाकला, यावर मात्र कथा फारशी रेंगाळत नाही. त्यांच्या दृष्टीने सांगितलेली ती कथा ऐकायला मला फार आवडली असती.

आता पुन्हा १८७५ कडे, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

कर्ज दक्खनच्या शेतकऱ्याला नवीन नव्हतं. पेशवेसुद्धा कर्जात असत. पहिल्या बाजीरावाच्या आणि ब्रह्मेंद्रस्वामींच्या व्यवहारात देण्याचा विषय सतत आहे. पण गावच्या देण्याघेण्याला काही जुने लगाम होते. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे ‘दामदुप्पट’. व्याज कितीही वर्षांचं असो, ते मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे घ्या, आणि हिशेब मिटवा. स्मृतिग्रंथांपासून चालत आलेला हा नियम मुंबईच्या इंग्रजी कोर्टांनीही मान्य केला होता. तरीही चौकशी आयोगापुढे एक प्रकरण आलं, ज्यात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लागलं होतं. हे झालं कसं?

तर शब्द बदलून. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जाचं खत तीनच वर्षं ग्राह्य. हेतू चांगला होता, व्याजाचे डोंगर साठू नयेत हा. सावकाराने काय केलं? तीन वर्षं संपत आली की कुळाला बोलवायचं आणि नवं खत करून घ्यायचं. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज यांची बेरीज नव्या खतात एका शब्दाखाली लिहायची: मुद्दल. झालं. कालचं व्याज आज मुद्दल झालं. त्यावर पुन्हा व्याज, पुन्हा तीन वर्षं, पुन्हा नवं खत. दामदुप्पट मोडावी लागलीच नाही, ती दर तीन वर्षांनी पहिल्यापासून सुरू झाली. खाली शेतकऱ्याची निशाणी: नांगराचं चित्र किंवा अंगठा. आणि कोर्टात न्यायाधीश विचारणार एकच गोष्ट, ही निशाणी तुझीच ना?

एरवी हे चालूनही गेलं असतं. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, सावकार मागेल तेवढं देत होता. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने सारावाढ केली. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या खतांवर कोर्टातून जप्त्या आणायला सुरुवात केली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला: न्हाव्याने हजामत करायची नाही, कुणी त्याच्या कामावर जायचं नाही. सुप्याची ठिणगी त्यानंतर पाच महिन्यांनी पडली.

म्हणजे सुप्याच्या चौकात ढिगावर जळत होता तो ‘मुद्दल’ हा शब्द. आपण घेतलं किती हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्या कागदावरची रक्कम त्याने घेतलेली नव्हती. मुद्दल नाकारणारी माणसं या गर्दीत फारशी असतील असं मला वाटत नाही. त्यांचं भांडण, मुद्दल कशाला म्हणायचं, यावर होतं.

सरकारलाही हे कळलं. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. त्यातली सर्वांत क्रांतिकारी तरतूद म्हणजे न्यायाधीशाने खताच्या मागे जायचं. पहिल्या व्यवहारापासून हिशेब उघडायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही बंद झालं. मग सावकाराने पुन्हा शब्द बदलला. आता कर्जखत नकोच, ‘खरेदीखत’ कर. जमीन मला विकलीस असं लिही. पैसे परत दिलेस की तोंडी ठरल्याप्रमाणे परत देईन. याला ‘मुदतखरेदी’ म्हणतात. कायदा कर्जाच्या मागे जाऊ शकत होता, पण कागदावर कर्जच नव्हतं. ही युक्ती इतकी टिकाऊ निघाली, की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही अशा खोट्या खरेदीखतांनी गेलेली जमीन परत मिळवून देण्याची सोय करावी लागली.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं, ते याच काळात. कागद, कारकून, वकील, सावकार या साखळीत न वाचता येणारा माणूस कसा भरडला जातो हे त्यांनी दाखवलं. विद्येचा त्यांचा आग्रह या बाजूनेही वाचावा.

खतावर निदान रक्कम तरी असते. खत नसलेल्या देण्याचं काय?

मराठीत याला ‘उपकार’ म्हणतात. ज्याच्यावर उपकार झाले तो ‘मिंधा’. ‘आभार’ या गोड शब्दातही भार दडलेला आहेच. मीठ खाल्लं की ते स्मरावं लागतं. उपकाराला मुदत नसते, दामदुप्पट नसते, म्हणून तो फेडताही येत नाही. हे सगळं माणुसकीच्या नात्यात शोभून दिसतं. पण हाच शब्द जमीनदाराच्या हाती गेला की काय होतं, ते ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना विचारा. तिथे ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. ऐकून वाटेल, नवरदेवाचा मित्र असावा. प्रत्यक्षात लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले म्हणून आयुष्यभर त्याच्या शेतावर राबणारा गडी. लग्न होऊन आलेली बायकोही त्याच कामाला जुंपली जायची. हिशेब जमीनदाराकडे, आणि तो कधी संपायचा नाही. मे १९४५ मध्ये झरी गावी किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ही हकिकत सविस्तर आहे. त्या लढ्याने आधी काय केलं असेल, तर उपकाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली: गुलामी.

हा भूतकाळ झाला असं वाटत असेल, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून बाहेर पडणारे ट्रक आणि ट्रॅक्टर पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, मुकादम हंगामाआधी रक्कम देतो. तिला कर्ज म्हणत नाहीत. ‘उचल’ म्हणतात. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. आजारपणात, बाळंतपणात, कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ लागतो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ दिलेली रक्कम या शब्दाची व्याख्याच आहे, कारण वेठीची सुरुवात अशा रकमेपासून होते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण उचल ही मजुरीतलीच आहे, असं म्हटलं की ती कर्ज राहत नाही, आणि कर्ज नाही तर सावकारी कायदाही नाही. ‘उधार’मध्येही उचलणं होतं, ‘उचल’मध्येही आहे. कोण कुणाला उचलतं, एवढाच फरक.

शब्दावरून भांडणं फक्त जुन्या काळात झाली असंही नाही. २००८ मध्ये केंद्र सरकारची मोठी शेती कर्जमाफी आली. मराठीत सगळे तिला ‘कर्जमाफी’ म्हणाले. शरद जोशी आणि शेतकरी संघटना या शब्दावर कितीतरी आधीपासून हरकत घेत आले होते. माफी गुन्हेगाराला देतात. सरकारी धोरणांनी भाव पाडल्यामुळे शेतकरी कर्जात गेला असेल, तर माफी कुणी कुणाची मागायची? म्हणून त्यांचा शब्द ‘कर्जमुक्ती’. (जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंना ‘शुल्ड’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे ते दोन वेगळे होते. ‘कर्जमाफी’ने त्यांची गाठ मारून दिली.) २०१७ च्या राज्य सरकारच्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला. २०१९ ची योजना तर नावानेच ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ होती. शब्द जिंकला. भावाचं काय झालं हा वेगळा लेख.

आणि मार्च महिना आला की गावच्या सोसायटीत जे चालतं, त्याला शेतकरी ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. जुनं पीककर्ज व्याजासह भरल्याचं दाखवायचं, लगेच नवं, थोडं मोठं कर्ज मंजूर करून घ्यायचं. मधल्या काही दिवसांपुरते पैसे कुठून तरी हातउसने आणायचे. कागदावर थकबाकी शून्य. सोसायटी सावकार नाही आणि तिचा व्याजदरही तसा नाही, हे खरंच. पण १८६० च्या दशकातल्या कुळाला हा विधी दाखवला असता, तर त्याने तो लगेच ओळखला असता.

आपल्या फोनवर तर ‘कर्ज’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. तिथे ‘लिमिट’ असते, ‘पे लेटर’ असतं, ‘नो कॉस्ट ईएमआय’ असतो. ईएमआयला आपण ‘हप्ता’ म्हणतो. फारसीत हप्ता म्हणजे आठवडा, आणि मुंबईत हप्ता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ‘पत’ या शब्दात अब्रूही होती आणि उधार मिळण्याची लायकीही. आता त्या जागी ‘सिबिल’ आलंय, आणि लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलाचं सिबिल कसंय’ हा प्रश्नही ऐकू येऊ लागलाय. अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि खाली ‘आय ॲग्री’. ही आपली निशाणी. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले: सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो, हे एका पानावर आधी दाखवलंच पाहिजे. ते पान उघडून बघा. मुद्दल कुठे संपतं आणि बाकीचं कुठे सुरू होतं, ते तिथे लिहिलेलं असतं.

कर्ज ‘फेडणं’ या क्रियापदाबद्दल शेवटी थोडं. मराठीत नवस फेडतात, आईवडिलांचे पांग फेडतात, डोळ्यांचं पारणं फेडतात, नेसलेलं वस्त्र फेडतात. गाठ सोडवावी, अंगावरचं उतरवावं, तसं. पैसे दिले की देणं संपतं, असं या क्रियापदाला वाटत नाही. सातबाऱ्यालाही वाटत नाही. त्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कर्जाची नोंद चढते, तिला ‘बोजा’ म्हणतात. शेवटचा हप्ता भरला तरी बोजा आपोआप जात नाही. आधी बँकेकडून किंवा सोसायटीकडून ‘बेबाकी’चा दाखला घ्यावा लागतो, बे-बाकी, म्हणजे बाकी काही नाही. तो तलाठ्याकडे द्यायचा, मग फेरफार धरला जातो, नोंद मंजूर होते, आणि मगच रकान्यातली ती ओळ जाते.